दगडाचा वापसा

गेल्या हिवाळ्यात कर्नाटकातल्या बदामीच्या लाल वालुकाश्माच्या कड्यावर चढताना आपल्याकडच्या एका गटातल्या मुलाच्या हातात अख्खा होल्ड, म्हणजे पकडायचा दगडच, निघून आला. आदल्या संध्याकाळी तिथे पाऊस झाला होता. मुलगा दोरावर होता, खाली बिले देणाऱ्या, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्या मुलीचं लक्ष होतं, म्हणून खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरात, जालन्यात, लातुरात, जिथे चार चढाई करणारे भेटतात तिथे हाच विषय निघतो आणि दर वेळी ठरलेल्या तीन वाटांनी जातो. एक गट म्हणतो, ज्याचा जीव त्याची जोखीम, तुम्ही कोण सांगणारे? दुसरा म्हणतो, प्रशासनानेच तारखा ठरवून बंदी घालावी म्हणजे कटकट मिटेल. तिसऱ्याला आपलं म्हणणं शास्त्रीय वाटतं: पावसानंतर चोवीस तास थांबायचं की बहात्तर, एवढं एकदा ठरवून टाका. मला वाटतं, तिघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. प्रश्न एवढाच आहे की हाताखालचा दगड आतून वाळला आहे का. वाळला नसेल तर वालुकाश्मावर चढू नये, कितीही लांबून आलो असलो तरी. आणि तो वाळला की नाही हे घड्याळ सांगत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही सांगत नाही. ते दगडाजवळ उभं राहून बघावं लागतं, आणि बघायला शिकावं लागतं.

हे शिकणं मराठवाड्यातल्या माणसाला परकं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कन्नड तालुक्यात कोरडवाहू शेती करायचे. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की गावात पेरणीची घाई सुटायची. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जायचे, वरची माती बाजूला सारून खालची माती मुठीत घ्यायचे, दाबायचे आणि मूठ उघडायचे. लाडू तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर म्हणायचे, ‘वापसा नाही आला अजून,’ म्हणजे जमीन औत घालण्याजोगी वाळलेली नाही, आणि परत फिरायचे. टिचकीने लाडू फुटला की तिफण निघायची. काळ्या मातीत वापशाआधी औत घातलं तर ढेकळं उठतात, ती वाळून कडक होतात आणि मग ते वावर हंगामभर साथ देत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पाऊस होऊन किती तास झाले, असं अण्णांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. त्याच पावसानंतर वरची बरड जमीन दुसऱ्या दिवशी वापशावर यायची आणि ओढ्याकाठच्या चिबड जमिनीत आठवडाभर पाय रुतायचा. एकच शिवार, एकच पाऊस, आणि दोन वेगळी उत्तरं. मग बदामीतल्या दिवसभर उन्हात तापणाऱ्या भिंतीला आणि झाडीतल्या घळीला तासांचा एकच आकडा कसा लागू पडेल?

आपली अडचण अशी की आपले हात बेसॉल्टवर तयार झाले आहेत. दौलताबादच्या कातळापासून गौताळ्याच्या डोंगरांपर्यंत सगळं लाव्ह्याचं राज्य. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थंड झालेला हा दगड जिथे घट्ट आहे तिथे पाणी फारसं आत शिरतच नाही. सर येते, पाणी ओघळून जातं, वारा सुटला की तासाभरात हात टेकवता येतो. (सगळाच बेसॉल्ट असा नसतो. दोन थरांमधला तांबडा मातकट पट्टा आणि बारीक भोकांचा जाळीदार थर कितीतरी दिवस पाझरत राहतात. कच्च्या दगडाने काय होतं ते पितळखोऱ्याच्या ढासळलेल्या लेण्यांत दिसतं.) या सवयीतून आपण एक नियम मनाशी पक्का केला: हाताला कोरडा लागला म्हणजे कोरडा. वालुकाश्मावर नेमका हाच नियम दगा देतो. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा लुकण, कुठे सिलिकाचा, कुठे चुन्याचा, कुठे लोहाच्या ऑक्साइडचा, कुठे नुसत्या चिकणमातीचा. कणांच्या मधे पोकळ्या असतात आणि पुष्कळदा त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कोरी वीट पाणी पिते तसा हा दगड पाऊस आत ओढून घेतो. नंतर ऊन पडतं, वरचा पापुद्रा वाळतो, रंग उजळतो, हाताला गरमसुद्धा लागतो. आतलं पाणी मात्र जागेवरच असतं, आणि ते बाहेर येणार ते याच पापुद्र्यातून, हळूहळू.

आत पाणी असताना दगड का खचतो? चिकणमातीचा लुकण असेल तर तो सरळ मऊ पडतो. सिलिकाचा असेल तरी सुटका नाही, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांच्या टोकाशी पाणी पोचलं की तिथले बंध लवकर तुटतात आणि चीर कमी जोरात पुढे सरकते. ब्रिटनमधल्या ३५ वालुकाश्मांच्या चाचण्यांचा एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ओला झाल्यावर दाब सोसण्याची ताकद एखाद्या दगडात ८ टक्क्यांनी घटली, तर एखाद्यात तब्बल ७८ टक्क्यांनी. वादात दोन्ही बाजू हाच फरक आपापल्या सोयीने वापरतात. एकाला आठ दिसतात, दुसऱ्याला अठ्ठ्याहत्तर. मला त्यात वेगळंच दिसतं. नाव एक, दिसायला थोडाफार सारखा, आणि वागणं इतकं निराळं. भिंतीवर लटकलेल्या माणसाला आपल्या बोटांखाली यातला कुठला दगड आहे हे कसं कळणार?

यावर सगळ्यात वजनदार उत्तर येतं ते बदामीचे जाणकार देतात, आणि ते मी टाळणार नाही. ते म्हणतात, परदेशातल्या ठिसूळ वाळवंटी दगडाचे नियम इथे कशाला? बदामीचा वालुकाश्म आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना, बहुतांशी क्वार्ट्झच्या कणांचा, चांगला जुळून आलेला. इसवी सन ५४३ मध्ये पहिल्या पुलकेशीने इथल्या कड्यावर लेख कोरवून घेतला, तो आजही आहे. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा लेख आहे. ज्या दगडाने अक्षरं चौदाशे-पंधराशे पावसाळे सांभाळली तो माझ्या दोन बोटांनी तुटणार आहे का? मुद्दा भारी आहे, आणि त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. बदामीचा दगड अशा कित्येक दगडांपेक्षा टणक आहे, तिथली उघडी, उन्हातली भिंत लवकर वाळते, आणि अमेरिकेतल्या नेवाडाचा पावसानंतर ठरावीक तास थांबण्याचा नियम उचलून इथे चिकटवणं चूकच. पण अक्षरांचा दाखला उलटतो. अक्षर म्हणजे भिंतीत कोरलेली खोच, तिला कोणी लटकत नाही. आपण ज्याला लटकतो तो होल्ड म्हणजे मूळ कड्यापासून सुटू लागलेला दगड असतो: एखादी पातळ कपरी, एखादी ढलपी, थरांच्या सांध्यातून बाहेर डोकावणारी धार. निसर्गाने अर्धी सोडवून ठेवलेली गोष्ट धरून आपण साठ-सत्तर किलोचं वजन तिच्या टोकावर टाकतो, तेही खाली दाबून नव्हे, बाहेर ओढून. वरून पडलं तर दगडात ठोकलेल्या बोल्टवर किंवा भेगेत बसवलेल्या कॅमवर, म्हणजे फाकून अडकणाऱ्या साधनावर, येणारा झटका शरीराच्या वजनाच्या काही पट असतो, आणि कॅम तर भेगेच्या दोन्ही भिंती बाहेर ढकलूनच धरतो. कड्याच्या सरासरी ताकदीचा इथे काय उपयोग? तालुक्याची पावसाची सरासरी भरली म्हणून कोणाचं एक वावर भिजत नाही.

होल्ड कोरड्या दिवसातही तुटतात, असंही ऐकवलं जातं. तुटतात. माझ्याही हातून भर फेब्रुवारीत एक कपरी गेली आहे, आणि तिची फिकट खूण तिथे गेलो की अजून दिसते. पण कोरड्यात तुटलेला होल्ड कधी ना कधी जाणारच होता असं म्हणायला जागा असते. ओल्या दगडावर तुटलेल्या होल्डबद्दल तसं म्हणता येत नाही, कारण दोन दिवस थांबलो असतो तर तो बहुधा राहिला असता.

पैशाचा आणि सुट्टीचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण मीही त्यातून गेलो आहे. आपल्या भागातून बदामीला जायचं म्हणजे सोलापूर गाठायचं, तिथून गदगकडे जाणारी गाडी धरायची. कॉलेजातली मुलं वर्षभर पैसे साठवतात, नोकरदार चार दिवसांची रजा भांडून मिळवतात. आणि तिथे पोचल्यावर पाऊस. बंगळुरूचा माणूस पुढच्या शनिवारी परत येऊ शकतो, बीडच्या पोराला पुढचं वर्षच उगवतं. त्याला ‘थांब’ म्हणणं सोपं आहे का? नाही. पण ज्या घरातून ही पोरं येतात त्या घराने उधारीवर बियाणं आणलेलं असतं, पाऊस पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो, तरी बाप वापशासाठी थांबतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, आणि जे घाई करतात त्यांच्यातल्या कितीतरी जणांवर दुबार पेरणीची वेळ येते. शेतात निदान दुबार पेरणी होते, कर्ज काढून का होईना. होल्ड परत पेरता येत नाही.

‘ज्याचा जीव त्याची जोखीम’ हे म्हणणं इथेच कोसळतं. जीव माझा असेल, कपरी माझी नाही. ती माझ्या आधी कोणीतरी शोधली, माझ्यानंतर कोणाच्या तरी हाताला ती लागणार होती. ती गेली की तो रूट बदलतो, कधी अवघड होतो, कधी संपतो. शिवाय बिले देणारी मुलगी, खाली पायवाटेवरून गुरं नेणारा माणूस, यांनी कुठे जोखीम स्वीकारली होती? आणि नुकसान करणारा माणूस वाईटच असतो असंही नाही. अजिंठ्याचं उदाहरण आपल्या दारात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश फासलं. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटणारे पापुद्रे वाचवले, पण त्यासाठी शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, वापरलं. पुढे हे थर पिवळे, तपकिरी पडले आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. यातल्या कोणाचंही त्या चित्रांवर प्रेम कमी नव्हतं. भिंत कशी वागते हे समजून घेण्याआधी हात लावला, एवढंच. बदामीवर जीव टाकणाऱ्या आपल्या पोरांबद्दल मला हीच भीती वाटते.

मग नियमच नकोत का? हवेत, पण कशाबद्दलचे ते बघू. जर्मनीतल्या सॅक्सनीत एल्ब नदीकाठी वालुकाश्माचे सुळके आहेत. १८६४ मध्ये शांडाऊ गावच्या व्यायामपटूंनी त्यातला फाल्केनस्टाइन सर केला तेव्हापासून तिथे चढाईची परंपरा आहे, आणि १९१३ मध्ये तिचे नियम लिहून काढले गेले. आज तिथे ओल्या दगडावर चढायला मनाई आहे, हाताला चॉक लावायला मनाई आहे, भेगेत लोखंड ठोकायचं नाही, त्याऐवजी दोरीच्या गाठी बसवायच्या. शंभर वर्षं टिकलेला हा शिस्तीचा धडा चढणाऱ्यांनी स्वतः घालून घेतला. आणि नियमाचे शब्द बघा, ‘ओल्या दगडावर’. तास नाहीत, तारखा नाहीत, दगडाची अवस्था आहे. उलट आपल्याकडे पावसाळा आला की धबधबे आणि किल्ले बंद करणारे आदेश निघतात. गर्दी आवरायला त्यांचा उपयोग होत असेल, तो मी नाकारत नाही. दगडाचं त्यांना काही देणंघेणं नसतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं, ती कुठल्या तारखांच्या बंदीत बसली असती? बदामीचा मोसम म्हणजे हिवाळा, आणि त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातली वादळं येतात. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचे ढग कर्नाटकावर सरकले, इकडे आपली थंडी पळाली. कॅलेंडर म्हणत होतं, हंगाम सुरू झाला.

तासांच्या नियमाचंही तसंच. नेवाडातल्या रेड रॉक कॅन्यनमध्ये पावसानंतर २४ ते ७२ तास थांबायला सांगतात. हा आकडा आपल्याकडे वेदवाक्यासारखा फिरतो, पण त्याच्या जोडीला तिथे सांगितली जाणारी गोष्ट कोणी सांगत नाही: भिंतीच्या पायथ्याची जमीन उकरून बघा, ती ओली असेल तर दगडही ओला समजा. म्हणजे वापसाच की. तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं: पाऊस कसा पडला, नंतर हवा कशी होती, आणि भिंत कुठे आहे. अर्ध्या तासाची धुवाधार सर बरीचशी वाहून जाते. रात्रभराची रिपरिप मिलिमीटरमध्ये कमी भरते पण खोल मुरते. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर पडला तरच तो पावसाचा दिवस. दोन मिलिमीटरच्या भुरभुरीची त्यात गणती नाही, वालुकाश्म मात्र ती मोजतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. तुमचा कडा त्या पंचविसात की पंचाहत्तरात, हे अंदाज सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही. म्हणून मी बदामीला पोचल्यावर आधी फोन बघत नाही, चहावाल्या मावशींना विचारतो: पाऊस कधी लागला, किती वेळ होता, नंतर वारा सुटला होता का? त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांवरून दिलेलं उत्तर मला नकाशावरच्या रंगांपेक्षा कामाचं वाटतं.

मग भिंतीपाशी. आधी पायथ्याला चार बोटं खोल उकरायचं आणि माती मुठीत दाबायची. तिथली माती लालसर, रेताड. कोरडी असेल तर मूठ उघडताच सांडते, गोळा होऊन राहिली तर ओल आहे. मग लांब उभं राहून भिंतीचा रंग बघायचा. गडद पट्टे कुठे आहेत, वरच्या सपाटीवर डबकं साचून त्याचं पाणी कुठल्या भेगेतून उतरतं आहे. पुढे झुकलेल्या भिंतीवर पाऊस पडत नाही म्हणून ती कोरडी, असं मानून पुष्कळ जण फसतात. तिच्यात पाणी वरून, आतल्या आत येतं. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो तशी पांढरी फुलं कुठे दिसली तर तिथून पाणी नेमाने बाहेर येतं हे ओळखायचं, आणि तिथला दगड क्षारांनी आधीच पोखरला असण्याची शक्यता धरायची. उन्हातल्या भिंतीवरून सावलीतल्या भिंतीचा निर्णय घ्यायचा नाही. शेवटी होल्डवर बोटाच्या सांध्याने वाजवायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तो पोकळ, आणि पोकळ होल्ड कोरड्या दिवशीही धरू नये. अंगठा घासून बघायचा. कण सुटून हाताला आले तर पुढचं काही तपासायची गरज नाही. दवाची गोष्ट मात्र वेगळी. डिसेंबरच्या पहाटे अगस्त्य तलावाच्या बाजूला कातळ ओलसर लागतो, त्याने पकड निसटते, पण ती ओल वरवरची असते आणि ऊन चढलं की जाते. दव आणि पाऊस यांतला फरक न कळणारा माणूस एक तर विनाकारण थांबतो, नाही तर नको तिथे चढतो.

नवख्यांना हे कसं जमणार, म्हणून ठोक नियमच बरा, असं कोणी म्हणेल, आणि ते चुकीचं नाही. पहिल्यांदा आलेल्या मुलाला मीही सांगतो की पाऊस झाला असेल तर निदान दोन दिवस दोर काढायचा नाही. पण हा नियम लहान मुलाला रस्ता ओलांडताना हात धरायला सांगतो तसा आहे. वीस वर्षांचा झाल्यावरही तो हातच शोधत राहिला तर शिकवणाऱ्याचं चुकलं. आपल्याकडच्या शिबिरांत गाठी शिकवतात, रॅपलिंग शिकवतात, अँकर शिकवतात; दगड बघायला एक सकाळसुद्धा देत नाहीत. आणि चार दिवसांच्या सहलीत चारही दिवस चढाई छापतात. मग पाऊस झाल्यावर ‘आज नाही’ म्हणायची ताकद कुठल्या लीडरमध्ये येणार? त्याच्यासमोर पैसे भरलेली वीस पोरं उभी असतात.

म्हणून आमच्या गटाने गेल्या खेपेपासून पत्रक बदललं. मुक्काम पाच दिवसांचा, चढाई तीन दिवसांची, उरलेले दोन दिवस दगडाच्या नावाने मोकळे. वर्गणी थोडी वाढली, दोन जण गळाले, त्याचं वाईट वाटलं. पहिल्या सकाळी भिंतीपाशी गेलो तर परभणीच्या एका मुलीने कोणी न सांगता खाली बसून उकरायला सुरुवात केली. तिच्या घरी हळद आणि सोयाबीन. तिने मूठ उघडली, टिचकी मारली, आणि हात माझ्यापुढे धरला.

‘सर, फुटत नाही हा.’

दोर पिशवीतच राहिले. आम्ही तिसऱ्या लेण्याकडे चढून गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच होतो.